ते पाणी कोणी भरलं होतं

‘‘भरलेला गंगाळ खाली नको ठेवू, बाय. पोर आता रांगते.’’

पुतळाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांची सून मनिषा नळाखाली हंडा धरून उभी होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ‘‘हो आई, हो,’’ म्हणाली. त्या ‘हो’चा अर्थ ‘मला कळतं’ असा होता. मनिषा बी.ए. झालेली. आपल्या पोरीच्या, उन्नतीच्या, लसींचं कार्ड तिनं भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलं होतं. तिला सेफ्टी पिनांची भीती वाटायची, शेंगदाण्यांची वाटायची, पंख्याच्या पात्याची आणि लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्तीचीही वाटायची. रात्री ती दोनदा उठून पोरीच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. माझी भीती मात्र तिला कधी वाटली नाही.

मित्रांनो, मी तेच गंगाळ. मी एक जुनं पितळी गंगाळ आहे. दोन कड्या, रुंद तोंड, वीतभराहून थोडी जास्त खोली आणि बुडाला तीन पोचे. माझ्यासारखी भांडी आता घराघरातून गेली, तेव्हा तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलंही नसेल. पूर्वी आंघोळीचं कढत पाणी गार घालून विसणायला आम्ही असायचो, बाळाला न्हाऊ घालायलाही आम्हीच.

नाशिकच्या तांबट आळीत मी घडलो. एका तांबटानं मला चार दिवस ठोकून गोल केलं. त्याच्या हातोडीचा ठसा अजून माझ्या अंगावर खवल्यांसारखा आहे. तिथून मी पुतळाबाईंच्या बापाच्या खांद्यावर बसून भिवंडीजवळच्या शेलार गावी आलो, आणि पुतळाबाईंच्या लग्नात आंदण म्हणून भिवंडीतल्या नारपोलीला गेलो. त्यांचे यजमान दौलत पॉवरलूममध्ये कामाला होते. दौलतच्या खात्यात रामनाथ नावाचे एक जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. त्यांच्या संगतीनं दौलत आणि पुतळाबाई प्रार्थनेला जाऊ लागले आणि पुढं प्रभूच्या नावानं त्यांचा बाप्तिस्मा झाला. गावात बोलणी बसली. दौलतनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही, पण देवळाच्या वाटेवर कोणाच्या हातात ओझं दिसलं की आधी जाऊन ते उचलून घ्यायचे. दौलत गेले त्याला आता दहा वर्षं झाली.

प्रार्थनेच्या त्या छोट्याशा मंडळीत मला मोठा मान होता. बंद पडलेल्या एका गोदामाच्या माडीवर पंचवीस-तीस माणसं जमतात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रभूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, तिथं पाय धुतले जातात. आणि दरवर्षी गंगाळ म्हणजे मीच. रामनाथकाकांनी सुरुवातीलाच एक रीत घालून दिली होती. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे पाय धुवायचे नाहीत, ज्याच्याविषयी मनात काही अडलं आहे त्याचे धुवायचे. आणि धुताना आपली चूक मोठ्यानं सांगायची. समोरच्याची चूक सांगायला बंदी. काका म्हणायचे, ‘‘दुसऱ्याची चूक सांगायला पाणी कशाला लागतंय? ती तर आपण कोरड्या तोंडानं वर्षभर सांगतोच.’’ लोक हसायचे आणि मग हसता हसता गप्प व्हायचे.

इतकी वर्षं माझ्यात काय काय मिसळलं ते मला ठाऊक आहे. एकानं भावाची चुगली केली होती, एकीनं शेजारणीच्या पोरावर चोरीचा आळ घेतला होता. पाणी गढूळ व्हायचं आणि माणसं हलकी होऊन जिना उतरायची. मला वाटायचं, मी चांगलं भांडं आहे. मग ती दुपार आली.

दोन हजार सहा साल, फेब्रुवारीचा मधला आठवडा. आमच्या चाळीत एक दिवसाआड दुपारी तीनला पाणी यायचं, तेही अर्धा तास. तेवढ्यात ड्रम, हंडे, कळशा, बादल्या सगळं भरून घ्यायचं. त्या दिवशी सगळं भरलं आणि नळ अजून चालू होता. पाणी वाया जाऊ द्यायचं नाही हे नारपोलीच्या बाईच्या हाडात असतं. मनिषानं मला मोरीच्या उंबऱ्यापाशी, जमिनीवर ठेवलं आणि काठोकाठ भरलं. मग ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. उन्नती झोपली होती. पुतळाबाई तिच्याजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचाही डोळा लागला होता.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. भिवंडीची मुलं लूमच्या खटखटीत झोपतात. तो आवाज त्यांना अंगाईसारखा. आवाज थांबला की ती जागी होतात. साडेतीनला लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एका झटक्यात गप्प झाले आणि उन्नती उठून बसली.

ती रांगत आली. अकरा महिन्यांची पोर. माझ्या काठाला धरून उभी राहिली, हसली, पाण्यावर एक थापटी मारली. मग आणखी वाकली. मित्रांनो, मला हात नाहीत. मला दोन कड्या आहेत आणि त्या काहीच करू शकत नाहीत. तिचं डोकं माझ्या आत होतं आणि पाय हवेत हलत होते, आणि कसलाही आवाज होत नव्हता. तुमच्या घरात रांगतं मूल असेल तर हे नीट ऐकून ठेवा: पाण्यात पडलेलं मूल ओरडत नाही.

समोरच्या खोलीतल्या शकीला भाभी दारात आल्या. ‘‘मनिषा, तुम्हारी भी बत्ती गई क्या?’’ एवढं विचारायला आल्या होत्या. त्यांनी पाय पाहिले. पुढचं मला नीट आठवत नाही, फक्त एका हातानं पोर उचलली गेली, मला लाथ बसली, मी कलंडलो, आणि भाभी पोरीला पालथी धरून पाठीत थापट्या मारत होत्या. ‘‘या अल्ला, या अल्ला, रो बेटा, रो.’’ किती वेळ गेला कोण जाणे. मग उन्नती ओकली आणि रडली.

त्या रडण्यानं पुतळाबाई जाग्या झाल्या. त्याच रडण्यानं मनिषा गच्चीवरून धावत आली. तिनं ओली पोर पाहिली, कलंडलेला मी पाहिलो, आणि तिच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते हे:

‘‘आई, गंगाळ भरून इथं कोणी ठेवलं? तुम्ही ठेवलंत?’’

तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ते भीतीनं फुटलेलं वाक्य होतं. पण ते दारात जमलेल्या सात-आठ बायांनी ऐकलं. पुतळाबाई अर्धवट झोपेत, पाण्यात पाय रोवून उभ्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं पाहिलं.

‘‘मी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी भरला? … आसंल बाय. मीच भरला आसंल.’’

पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीत पाणी गेलं होतं, दोन दिवस ठेवून घेतलं. राकेश, म्हणजे पुतळाबाईंचा मुलगा आणि मनिषाचा नवरा, ड्युटीवरून तसाच तिथं पोचला. त्यानं विचारलं, ‘‘कसं झालं?’’ दवाखान्यात आलेल्या शेजारणीनं सांगून टाकलं, ‘‘म्हातारीनं गंगाळ भरून ठेवलेलं ना.’’ मनिषा जवळ उभी होती. तिच्या नजरेसमोर पोरीच्या नाकातली नळी होती. ती काही बोलली नाही. त्या क्षणी तिला बोलता आलं नसतं हे मी समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी आलं असतं, तिसऱ्या दिवशी आलं असतं. पोर घरी आली, खेळू लागली, तेव्हा तर नक्की आलं असतं. दर दिवशी ती गोष्ट सांगायला जास्त जड झाली. राकेश म्हणाला, ‘‘आईला आता लक्षात राहत नाही. परवा चहात दोनदा साखर टाकली तिनं.’’ आणि मनिषा म्हणाली, ‘‘वय झालं त्यांचं.’’

मला माळ्यावर पालथं टाकलं. तिथून खालचं सगळं ऐकू येतं. मी ऐकत होतो पुतळाबाईंना. त्या सकाळी गॅसपाशी जायच्या आणि विचारायच्या, ‘‘मनिषा, मी गॅस बंद केला का?’’ ‘‘केलात आई.’’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘‘बंद केला ना मी?’’ दाराची कडी, नळाची तोटी, प्रार्थनेच्या वेळी लावलेला दिवा, कशावरच त्यांचा भरवसा राहिला नाही. म्हणजे स्वतःवर राहिला नाही. उन्नती त्यांच्याकडं झेपावली की त्या हात पदरात गुंडाळायच्या. ‘‘माझ्याजवळ नको देऊ. माझा काय नेम न्हाय.’’

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांची थोरली बहीण आक्का शेलारहून आली. आक्का बोलायला फटकळ. ‘‘काय गो पुतळा, तुझ्या चेहऱ्याचा पार पापड झाला. चल माझ्याकडं. तुझी सून शिकलेली हाय, तिला तुझी गरज न्हाय.’’ हे मनिषाच्या देखतच म्हणाली. पुतळाबाईंनी दोन लुगडी पिशवीत भरली. जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या आणि मधेच थांबल्या. हात तसाच मागं घेतला.

मित्रांनो, गोष्ट आहे ती एवढीच. एक म्हातारी, आपल्या हातून नात मरता मरता वाचली असं समजून जगत होती. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. त्यातला मी बोलू शकत नव्हतो आणि दुसरी बोलत नव्हती.

एप्रिलमध्ये तो गुरुवार आला. रामनाथकाका स्वतः मला न्यायला आले. राकेश म्हणाला, ‘‘काका, ते भांडं नको आता. अपशकुनी वाटतं.’’ काका म्हणाले, ‘‘भांडं कसलं अपशकुनी, राकेश? त्यात पाणी कोणी घातलं, ते भांडं सांगतं का?’’ त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, सहज बोलले. पण मनिषाची तव्यावरची पोळी करपली.

तिनंच मला चिंच लावून घासलं. घासता घासता तिनं ठरवलं, आज आईंचे पाय धुवायचे. सगळ्यांसमोर. तिच्या मनाला बरं वाटलं. तिला वाटलं, तेवढं केलं की छातीवरचा दगड उतरेल. आणि काय बोलायचं तेही तिनं ठरवलं. काकांची रीत होती आपली चूक सांगायची. चूक तर सांगायचीच. पण चूक काय एकच असते? तिनं आपल्या चुकांमधली एक छोटीशी, हातात धरता येण्याजोगी निवडली.

संध्याकाळी माडीवर मंडळी जमली. शेलारहून आक्का पुतळाबाईंना घेऊन आली. त्या इतक्या वाळल्या होत्या की मनिषाला एकदम ओळखूच आल्या नाहीत. गाणं झालं, वाचन झालं. मग माझ्यात कोमट पाणी ओतलं गेलं आणि मनिषा उठली. तिनं मला सासूच्या पायांपाशी ठेवलं, पदर खोचला, गुडघ्यावर बसली. सगळे बघत होते.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी मी चारचौघांत तुमच्यावर ओरडले. माझा आवाज चढला. माझं चुकलं. मला क्षमा करा.’’

मागच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. ‘‘आमेन,’’ कोणीतरी म्हणालं. पुतळाबाईंचे पाय माझ्यात होते. टाचांना भेगा, अंगठ्याला जुनी जखम.

‘‘तू कशाला क्षमा मागतेस, बाय,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तू ओरडलीस तं काय झाला? मी तं… माझ्यामुळं तं पोर…’’

हीच ती वेळ होती. मनिषाचे दोन्ही हात पाण्यात होते. एक वाक्य, पाच शब्दांचं. मी माझ्या पितळेनं तिच्या हातांची नाडी ऐकत होतो, ती लूमसारखी चालली होती. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, ‘‘जाऊ द्या आई. मी तुम्हाला कधीच माफ केलंय.’’

इतक्या वर्षांत माझ्यातलं पाणी मला कधी जड वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

नंतर चहा झाला. बाया मनिषाभोवती जमल्या. ‘‘किती नम्र सून आहे.’’ ‘‘आजकालच्या मुली सासूच्या पायाला हात लावतील का?’’ ‘‘मनात काही ठेवलं नाही बघा पोरीनं.’’ मनिषा कपात बघत राहिली. तेवढ्यात कोणीतरी हौसेनं उन्नतीला उचलून पुतळाबाईंपुढं धरलं. ‘‘घ्या आज्जी, आता सगळं मिटलं.’’ पुतळाबाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले. पोर हवेत हात पसरून ‘आ, आ’ करत होती आणि म्हातारी एक एक पाऊल मागं सरकत होती, भिंत लागेपर्यंत.

ते मनिषानं पाहिलं. फक्त रामनाथकाकांनी मनिषाला ते पाहताना पाहिलं. मला जिन्यावरून उतरवताना ते तिच्याजवळ थांबले. ‘‘मनिषा, पाणी ओतून टाकलंस?’’

‘‘हो काका.’’

‘‘बरं.’’ दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा थांबले. ‘‘माझ्या हातून एकदा एका कामगाराचं बोट गेलं लूममध्ये. चूक माझी. त्या वर्षी मी याच गंगाळात त्याचे पाय धुतले आणि म्हणालो, तुझ्या पोराच्या बारशाला मी आलो नाही, माझं चुकलं.’’ ते जरासे हसले. ‘‘सगळ्यांनी वाहवा केली. मला तीन वर्षं झोप नव्हती.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. तो गावाला निघून गेला. पत्ता नाही.’’ आणि काका कठड्याला धरत खाली उतरले.

शुक्रवारची, प्रभूच्या मरणाच्या दिवसाची, उपासना झाली. मनिषा घरी आली ती ताप आल्यासारखी. दुपारी शकीला भाभींच्या घरच्या फोनवर आक्काचा फोन आला. भाभींनी दारातून हाक मारली, ‘‘मनिषा, शेलार से है. जल्दी आ.’’ आक्काचा आवाज मला माळ्याखाली, दाराशी ठेवलेल्या जागेवरूनही ऐकू आला.

‘‘काय गो, तू पाय धुतलेस का जीव काढून घेतलास तिचा? कालपासून घास न्हाय पोटात. म्हनते, मी भाताला हात लावला तं विष होईल. उपासाचा दिस हाय म्हनून मी गप्प बसले, पन उपास आसा नस्ते. तू ये न्हाय तं राकेशला पाठव.’’

रात्री राकेश म्हणाला, ‘‘रविवारी ईस्टर झाला की जाऊ सगळे.’’ मनिषा म्हणाली, ‘‘मी उद्याच जाते. गंगाळ देऊन येते. त्यांचं आंदण आहे, त्यांच्याजवळ राहू दे.’’ मी निमित्त होतो. माणसाला खरं बोलायला जायचं असलं तरी हातात काहीतरी लागतं.

मधला शनिवार. त्या दिवशी उपासना नसते, घंटा नसते, काहीच नसतं. एका कडेवर उन्नती आणि दुसऱ्या हातात मी, असं करून ती शेअर रिक्षात बसली. रिक्षावाला म्हणाला, ‘‘ताई, बर्तन पीछे डाल दूँ?’’ तिनं मान हलवली, मला मांडीवरच धरलं. रस्ताभर ती पुटपुटत होती, ‘‘उशीर नको होऊ दे. उशीर नको होऊ दे.’’ एक टेम्पो आडवा उभा होता म्हणून रिक्षा दहा मिनिटं अडली, तर तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘‘कोनी आजारी हाय का?’’ मनिषा म्हणाली, ‘‘माझ्यामुळं आहे.’’ त्या बाईला काही कळलं नाही. पण मनिषाच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं होतं.

आक्काच्या अंगणात कोणी नव्हतं. आक्का दारात आली, पोरीला तिच्या हातातून घेतलं आणि मागच्या बाजूला हनुवटी दाखवली. मागच्या दारी, पडवीत, पुतळाबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मनिषानं मला जमिनीवर ठेवलं. पाणी आणलं नाही, पदर खोचला नाही. बसली ती सरळ मातीत.

‘‘आई, गंगाळ मी भरलं होतं.’’

पुतळाबाईंनी मान वळवली. ‘‘कवा?’’

‘‘त्या दिवशी. नळ चालू होता म्हणून मी भरलं, मीच उंबऱ्यापाशी ठेवलं आणि मीच वर गेले. तुम्ही हातसुद्धा लावला नव्हता. तुम्ही मला आधीच सांगितलं होतं खाली ठेवू नको म्हणून. मी ऐकलं नाही.’’

आत उन्नती कशाला तरी हसत होती.

‘‘मी भरला न्हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हंजे मना… माझा डोका ठीक हाय?’’

‘‘ठीक आहे आई. तुमचं डोकं अगदी ठीक आहे. मी तुम्हाला तसं वाटू दिलं.’’

‘‘दोन महिने.’’

‘‘हो.’’

‘‘राकेशला म्हाइत हाय?’’

‘‘नाही. आज सांगते. उद्या मंडळीतही सांगेन.’’

पुतळाबाई उठल्या. भिंतीला धरून उठल्या आणि मनिषाकडं न बघता मागच्या वाडीत निघून गेल्या. मनिषा उठायला लागली तशी आक्का दारातून म्हणाली, ‘‘बस तिथंच. जाऊ दे तिला.’’ मनिषा बसली. ऊन पडवीत सरकत आलं, तिच्या पायांवर आलं, तरी ती हलली नाही. वाडीत विहीर होती. ती विहीर मनिषाला दिसत होती आणि पुतळाबाई दिसत नव्हत्या. त्या अर्ध्या तासात तिनं जी प्रार्थना केली तिच्यात शब्द नव्हते. मी तिच्याजवळ रिकामा होतो आणि मला माझ्या रिकामेपणाचीही धास्ती वाटत होती.

मग पावलं वाजली. पुतळाबाई आल्या. डोळे लाल, पण चाल वेगळी.

‘‘तुला लई शिव्या घातल्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या चिंचेच्या झाडाला समोर घेतला नि तुझी आय, तुझा बाप, तुझी बी.ए., सगळा काढला. झाड जळला आसंल.’’

मनिषाला हसावं की रडावं कळेना. ‘‘अजून काढा. मला समोर बसवून काढा.’’

‘‘आता दम न्हाय. दोन दिसांची उपाशी हाय मी.’’ त्या खाली बसल्या. ‘‘माफ केला म्हनायला माझ्या तोंडात येईल तवा म्हनेन. आज न्हाय येत. खोटा कशाला म्हनू? प्रभूला काय खोटा आवडते?’’

‘‘नका म्हणू, आई.’’

‘‘आक्के, भाकर टाक. आनि त्या पोरीला आन हिकडं.’’

आक्कानं उन्नतीला आणलं. पुतळाबाईंनी हात पुढं केले. पोर झेपावली. म्हातारीनं तिला छातीशी धरलं ते इतकं घट्ट की ती कुरकुरली, तरी सोडलं नाही. मनिषा बघत राहिली. तिनं हात लावला नाही, जपून धरा म्हणाली नाही. तिच्यासारख्या घाबरट बाईला ते किती कठीण गेलं असेल, याची कल्पना करा.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या सकाळी, मनिषा मंडळीसमोर उभी राहिली आणि तेच वाक्य बोलली. गुरुवारी जे चेहरे ओले झाले होते ते त्या सकाळी कोरडे होते. चहाच्या वेळी तिच्याभोवती कोणी जमलं नाही. राकेश तिच्याशी चार दिवस नीट बोलला नाही. शकीला भाभींनी तेवढं म्हटलं, ‘‘बोल दिया, अच्छा किया. इतने दिन पेट में रखा कैसे?’’ रामनाथकाकांनी आपली खुर्ची उचलून तिच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली आणि बसले.

पुतळाबाई मे महिन्यात परत आल्या. क्षमा केली असं त्या कधी म्हणाल्या ते मला माहीत नाही, मी ऐकलं नाही. पण आता त्या गॅस एकदाच बंद करतात आणि पुन्हा विचारत नाहीत.

मित्रांनो, मी भांडं आहे. मला ठोकून घडवलं गेलं, मिरवलं गेलं आणि माळ्यावर पालथंही टाकलं गेलं. माझी काळजी घ्या असं मी मागत नाही. मला घासलं नाही तर मी फक्त काळा पडेन. पण तुमच्या ओळखीत असं एक माणूस असेल, जे हल्ली फार गप्प झालं आहे. काही बिघडलं की ‘माझंच चुकलं असेल’ म्हणून बाजूला होतं. पुढं आलेलं मूल घेत नाही, पानावरून लवकर उठतं. ते कदाचित दुसऱ्या कोणाची चूक आपली समजून वाहत असेल. कदाचित तुमचीच. जाऊन बघा त्याच्याकडं. जेवलं का ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथंच बसा. उद्या नको. आज जा.